ऐकणाऱ्याची जागा

स्पीकर कुठे ठेवायचे यावरून नवरा-बायकोत किती भांडणं होऊ शकतात, याची शास्त्रज्ञला नोकरी धरेपर्यंत काहीच कल्पना नव्हती.

शास्त्रज्ञ हे तिचं दुकानातलं नाव. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, त्यातही ध्वनीचा अभ्यास करून ही मुलगी स्पीकरच्या दुकानात नोकरी मागायला आली, तेव्हा मालकांनी तिला कोपरापासून हात जोडले आणि त्या दिवसापासून तिला याच नावाने हाक मारायला सुरुवात केली. चेष्टेने ठेवलेलं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. पुढे गिऱ्हाइकंही फोनवर "तुमच्या शास्त्रज्ञबाईंना पाठवा" म्हणायला लागली.

काम असं होतं. ज्याने स्पीकर घेतले त्याच्या घरी जायचं, खोली मोजायची आणि स्पीकर कुठे ठेवले म्हणजे चांगलं ऐकू येईल ते ठरवून द्यायचं. मूळ नियम तसा साधा आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा माणूस, तिघांत सारखं अंतर ठेवायचं. स्पीकर भिंतीपासून लांब आणि कोपऱ्यापासून त्याहून लांब ठेवायचे. एवढं नीट साधलं की एक गंमत होते. दोन्हींकडून सारखा येणारा आवाज दोन्हींकडून येतोय असं वाटेनासं होतं. तो मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून यायला लागतो. गाणारी बाई समोर येऊन उभी राहते. डोळे मिटले तर ती उंच आहे की ठेंगणी तेसुद्धा सांगता येतं.

पण ही गंमत एकाच जागी होते. खुर्ची हातभर बाजूला सरकवली की गाणारी बाई चटकन त्या बाजूच्या स्पीकरात जाऊन बसते. म्हणजे घरात ऐकायची जागा एकच, आणि ती बहुतेक घरांत नवऱ्याची असते. बायको म्हणते, ही कपाटं खोलीच्या मधोमध कशाला? नवरा म्हणतो, विज्ञान आहे ते. मग दोघंही शास्त्रज्ञकडे बघतात, आणि शास्त्रज्ञ हातातल्या मोजपट्टीकडे बघते.

म्हणूनच एका बाईंनी स्वतः फोन करून बोलावलं, तेव्हा तिला नवल वाटलं. बाई म्हणाल्या, नवीन काही घ्यायचं नाहीये. आहेत तेच स्पीकर नीट लावून हवेत. एकदाच ऐकायचंय.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं त्या काकू ठेंगण्या होत्या. चष्म्याची काच जाड, आणि स्वेटरच्या खांद्यावर रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. काकू रफू करायच्या. कसर लागलेले स्वेटर, सिगारेटने भोक पडलेले कोट, खिळ्यात अडकून फाटलेल्या बाह्या, असलं सगळं लोक त्यांच्याकडे आणून टाकत. काम झालं की त्या कपडा गिऱ्हाइकाच्याच हातात देत आणि म्हणत, दाखवा आता कुठे फाटलं होतं. बहुतेकांना दाखवता येत नसे.

काका नकाशे काढायच्या कचेरीत होते. ते गेल्या हिवाळ्यात गेले. हे सगळं काकूंनी चहा उकळेपर्यंत सांगून टाकलं. महिनाअखेरीला मुलगा येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन जाणार होता. ही जागा सुटणार, सामान वाटून टाकणार, स्पीकरसुद्धा कोणीतरी नेणार. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. मुलगा चांगला होता, सूनही चांगली होती. "फक्त चहा कपभर पाण्यात चमचाभर दूध घालून करते," त्या म्हणाल्या, "पण तेवढं आपण सोडून द्यायचं."

मग त्यांनी खोलीचं दार उघडलं.

लांबट खोली होती. एका टोकाला दोन उंच, काळपट लाकडी स्पीकर होते, आणि दुसऱ्या टोकाला उंच पाठीची एकच खुर्ची. लांबीच्या भिंतीत मधोमध खिडकी, आणि खिडकीशी एक बसकं स्टूल. स्टुलाशेजारी टोपलीत दोरे. बस, बाकी बसायला काही नाही. पण शास्त्रज्ञचं लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टींकडे. पुस्तकांचं कपाट भिंतीला धरून नव्हतं, कोपऱ्यात तिरपं उभं केलेलं होतं. खिडकीला जाड पडदा होता, पण एकाच बाजूला आणि अर्ध्या उंचीचा. दाराच्या आतल्या अंगाला नमदा, जाड दाबलेल्या लोकरीचा थर, ठोकलेला होता. छतापाशी एक फळी विनाकारण आडवी गेली होती. प्रत्येक वस्तू कोणीतरी खूप विचार करून ठेवली होती हे उघड होतं. कसला विचार करून, ते मात्र काही केल्या उमगत नव्हतं. आणि स्पीकर तर चक्क चुकीच्या जागी होते. एक भिंतीला खेटून, दुसरा पुढे आलेला. इतका मोजूनमापून काम करणारा माणूस नेमकी हीच चूक कशी करेल?

काकू उंबऱ्याशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "रोज संध्याकाळी हे त्या खुर्चीत बसायचे. रेकॉर्ड लावायचे, डोळे मिटायचे. मी खिडकीशी, माझं काम घेऊन. मधेच म्हणायचे, काय सुंदर. मी म्हणायचे, काय सुंदर? तर नुसते हसायचे. माझ्या बाजूला सगळं फाटक्या पिशवीतून आल्यासारखं ऐकू यायचं."

तिने विचारलं, तुम्ही कधी खुर्चीत बसला नाहीत का?

"एकदा म्हटलं होतं, मला बसू द्या तिथे. तर म्हणाले, तू उठू नकोस. तू हललीस की सगळं बिघडतं." काकूंनी चष्मा काढून पुसला. "मग नाही हलले. मलाही हट्ट आहे. त्यानंतर जन्मात कधी म्हटलं नाही. पण आता ते नाहीत, तर बसून बघितलं. काही नाही गं तिथे. समोर कोणीतरी चादर धरून उभं असावं तसं वाटतं. मला दुसरं काही नको. ही खोली जायच्या आत एकदा तिथे बसून ऐकायचंय, हे काय ऐकत होते ते."

शास्त्रज्ञला हे काम सोपं वाटलं. स्पीकर होते तिथे तिने आधी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, म्हणजे जुन्या जागा हरवायला नकोत. मग मोजायचा माइक खुर्चीत, डोक्याच्या उंचीवर उभा केला, दार लावून घेतलं आणि मोजणी सुरू केली. स्पीकरातून एक शीळ निघते, खर्जातून वर चढत जाते, आणि ती विरायला किती वेळ लागतो त्याची रेघ लॅपटॉपवर उमटते. प्रत्येक खोलीची रेघ वेगळी असते. रिकाम्या खोलीची आणि माणसं बसलेल्या खोलीची तर फारच वेगळी, कारण बसलेलं माणूस आवाज पितं. कपडे, केस, कातडी, सगळंच थोडा थोडा आवाज पितं, आणि रेघेत तेवढा खळगा पडतो. सवय झाली की रेघेतला तो खळगा बघून, खोलीत न डोकावता सांगता येतं, कोणीतरी बसलंय.

रेघ उमटली, तीत तोच खळगा होता, आणि तिने मान वर केली.

खुर्चीत माइकशिवाय काहीच नव्हतं. काकू स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या, त्याचा आवाज दाराआडून येत होता.

खुर्चीची गादी जाड असेल, असं म्हणून तिने खुर्ची बाहेर काढली आणि स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून ठेवली. खळगा तसाच राहिला. मग तीही काढली. नुसता माइक उभा केला, भोवती मोकळी जमीन. खळगा तिथेच, तेवढाच. शिकलेलं माणूस अशा वेळी जे करतं तेच तिने केलं, म्हणजे यंत्रावर शंका घेतली. माइक स्वयंपाकघरात नेऊन मोजून पाहिला. काकूंनी तिथे निमूटपणे भांडी विसळणं थांबवलं आणि श्वाससुद्धा बेताने घेतला. यंत्र अगदी ठीक होतं.

शेवटी खुर्ची जागेवर ठेवून, माइक तिच्या शेजारी सरकवून तिने काकूंना बसायला सांगितलं. आता तरी खळगा दुप्पट खोल व्हायला हवा होता. काकू बसल्या, हात मांडीवर घेतले, फोटो काढताना बसतात तशा. शीळ खालून वर चढत गेली.

रेघ होती तशीच. खुर्ची रिकामी असताना एक माणूस, आणि काकू बसल्या तरी एकच.

शास्त्रज्ञ काकूंना काही बोलली नाही. तिने पुस्तकातल्या नियमाप्रमाणे स्पीकर लावले, बोटबोटभर सरकवत, खुर्चीमागे उभी राहून ऐकत. दुपार कलायच्या सुमाराला ते साधलं. गाणारी बाई बरोबर मधोमध येऊन उभी राहिली. इतकी लख्ख की शास्त्रज्ञच्या अंगावर काटा आला. तिने काकूंना बोलावलं. काकू मधल्या वेळात कपडे बदलून आल्या होत्या. केस विंचरलेले, स्वेटरवरचे दोरे झटकलेले. कोणाला तरी भेटायला निघाल्यासारख्या. खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले.

एक अख्खं गाणं संपलं.

"चादर आहे गं अजून," त्या शेवटी म्हणाल्या. एवढ्या हळू, की आपल्याला वाईट वाटू नये म्हणून त्या जपून बोलताहेत हे शास्त्रज्ञला कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानात मालकांना विचारलं. खळग्याचं काही बोलली नाही, फक्त स्पीकरांच्या विचित्र जागांचं बोलली. मालकांना काका चांगलेच आठवत होते. म्हणाले, लोक स्पीकर घेतात आणि मग स्पीकर हलवत बसतात. या गृहस्थाने स्पीकर एकदा ठेवले ते ठेवले आणि पुढे आयुष्यभर खोली हलवली. दुकानात यायचे ते कपाटाबद्दल विचारायला, पडद्याच्या कापडाबद्दल विचारायला. छताची फळी तर मालकांनीच शोधून दिली होती. गाण्याबद्दल मात्र कधी एक अक्षर नाही. एकदा मालकांनीच एक नवी रेकॉर्ड पुढे केली, तर काका म्हणाले, कोणतीही द्या, फार मोठ्याने गाणारं नको.

"उलटं करून बघ," मालक म्हणाले. "एवढं शिकलीस, तेवढंही शिकवलं असेल कॉलेजात."

उलटी पद्धत तिला माहीत होती. स्पीकरची जागा सापडत नसेल तर स्पीकरच ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, वाजवायचा, आणि आपण खोलीभर फिरत, भिंतीच्या कडेने, लागलं तर रांगत ऐकायचं. जिथे सगळ्यात चांगलं ऐकू येईल ती स्पीकरची खरी जागा. कारण आवाजाचा जायचा आणि यायचा रस्ता एकच असतो. खुर्चीतून इथे जसं ऐकू येतं, तसंच इथून खुर्चीत ऐकू जातं.

पुढच्या खेपेला तिने आपला छोटा स्पीकर पिशवीतून आणला. ती तो खुर्चीवर ठेवायला लागली तेव्हा काकू क्षणभर अडखळल्या. मग म्हणाल्या, "ठेव ठेव. आता कोण उठवतंय."

शास्त्रज्ञ गुडघ्यांवर आली आणि कपाटापासून सुरुवात केली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या आणि हसू दाबत होत्या. त्यांचा नातू असाच फिरतो म्हणे, फक्त तो वाटेत सापडेल ते तोंडात घालतो. कपाटाशी आवाज घुमत होता. कोपऱ्यात नुसताच गुरगुरत होता. स्पीकरच्या जुन्या जागांशी तो चिखलात बुडाल्यासारखा येत होता, नव्या जागांशी जरा बरा. ती दाराशी आली, पडद्याखालून गेली. खोलीत चांगली जागा नाहीच, असं तिच्या मनात यायला लागलं.

खिडकीशी ती आली आणि आवाज उघडला.

दुसरा शब्द तिला सुचला नाही. गाणारीचा श्वास, ओठ विलग होतानाचा बारीकसा आवाज, दोन शब्दांमधली शांतता, सगळं कानापाशी. ती वीतभर मागे सरकली, पुन्हा चिखल. पुढे आली, पुन्हा उघडलं. तिने डोकं वर-खाली करून पाहिलं. बसक्या स्टुलावर बसलेल्या ठेंगण्या बाईचं तोंड येईल नेमक्या तेवढ्याच उंचीवर ते होतं. तिथून तिने खोलीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच खोली तिला वाचता आली. तिरपं कपाट, अर्धा पडदा, दारावरचा नमदा, छताची फळी. या स्टुलावरून निघालेला आवाज जिथे वाया गेला असता तिथे काहीतरी अडवलेलं होतं, आणि जिथून तो खुर्चीकडे वळू शकला असता तिथे काहीतरी धरलेलं होतं.

तिने काकूंना हे समजावून सांगितलं. घाईघाईने नाही. जायचा रस्ता आणि यायचा रस्ता, दोन्ही हातांनी दाखवून.

काकूंनी स्टुलापासून खुर्चीपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाल्या, "म्हणजे हे गाणं ऐकत नव्हते?"

"गाणं चालू असायचं. पण ही खोली गाण्यासाठी लावलेली नाहीये, काकू."

"पण मी तर काहीच बोलायचे नाही." त्यांचा आवाज चढला. "तोंडात दोरा असायचा माझ्या. काम करताना बोलते का कोणी?"

काकू खिडकीशी गेल्या, टोपलीतला एक दोरा उचलला आणि पुन्हा टाकला. त्या रागावल्या होत्या. इतकी वर्षं मनात धरलेला सल एका दुपारीत कोणीतरी उसवून टाकला, की त्या जागी काय ठेवायचं ते माणसाला सुचत नाही. मधेच त्यांना हसू आलं. "सांगायला काय झालं होतं या माणसाला," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढला, पण पुसला नाही.

चहा झाला. चहानंतर त्या पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि शास्त्रज्ञच्या ध्यानात आलं की काम संपलेलं नाही. काकूंना अजूनही तेच हवं होतं. फक्त आता ते कोणत्याच स्पीकरातून येणारं नव्हतं. हे काय ऐकत होते ते ऐकायचं, तर खुर्चीत काकूच हव्यात, आणि स्टुलावरही काकूच हव्यात.

पुढची कल्पना तिचीच. नंतर कितीदा तरी तिला वाटलं की ती आपल्याला सुचायला नको होती. ती म्हणाली, सगळं काकांनी ठेवलं होतं तसं ठेवू. मी स्टुलावर बसून रफू करते, तुम्ही खुर्चीत बसून ऐका. तेवढं तरी कळेल, कसं ऐकू यायचं ते.

चिकटपट्टीच्या खुणांवर स्पीकर परत गेले. माइक खुर्चीशेजारी होता तसाच राहिला. काकूंनी तिला एक जुना मोजा दिला, सुई ओवून दिली, आणि जाऊन खुर्चीत बसल्या. खिडकीतून ऊन येत होतं. शास्त्रज्ञने चार-सहा टाके घातले. आयुष्यात तिने शर्टाच्या बटणापलीकडे काही शिवलेलं नव्हतं.

"ऐकू येतंय," काकू डोळे मिटून म्हणाल्या. "तू कात्रीने दोरा कापलास. मी दाताने तोडते." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तू फार उसासे टाकतेस, बाळ. वाकडं जातंय का?"

वाकडं जातच होतं. दोघी हसल्या. काकू म्हणाल्या, राहू दे, मोजा वाया जाईल. रेकॉर्ड लाव एक, आपण बसू जरा. शास्त्रज्ञने मोजा टोपलीत ठेवला, स्टुलावरून उठली आणि दाराजवळच्या कपाटावर रेकॉर्ड प्लेअर होता तिथे गेली. काका नेहमी लावायचे ती रेकॉर्ड वरच होती. तिने सुई टेकवली आणि तिथेच उभी राहिली.

गाणं सुरू झालं. मंद, जाड, चादरीआडून आल्यासारखं.

काकूंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मान किंचित खिडकीकडे कलती केली. शास्त्रज्ञला वाटलं, त्या आता रडणार.

"बंद कर," काकू हळूच म्हणाल्या. "गाणं मध्ये येतंय."

तिने सुई उचलली.

खोली शांत झाली. नमद्यामुळे बाहेरचंही काही आत येत नव्हतं. काकू हलत नव्हत्या. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर पालथे पडलेले होते, रिकामे.

मग टक् असा बारीक आवाज झाला.

ताणलेल्या कापडातून सुई आरपार जाते, तेव्हा होतो तो आवाज. पाठोपाठ दोरा ओढला जाण्याची सरसर. पुन्हा टक्.

शास्त्रज्ञने खिडकीकडे पाहिलं. स्टूल, टोपली, टोपलीवर तिचा तो वाकडा मोजा.

टक्. सरसर. नाकाने सोडलेला एक श्वास. मग गुणगुणणं, ओठ मिटून, मघाच्याच गाण्याची ओळ, जरा खालच्या सुरात, मधेच सोडून दिलेली. आणि दोरा दाताने तोडल्याचा आवाज, इतका स्वच्छ की शास्त्रज्ञची जीभ आपोआप दातांना लागली.

तिने काकूंकडे पाहिलं. काकूंच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने आजवर कोणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. भीती नव्हती, नवलही नव्हतं. फार दिवस बंद राहिलेली खिडकी कोणीतरी उघडावी आणि वारा यावा, तसा तो चेहरा सुटत गेला.

"काय सुंदर," काकू म्हणाल्या.

खिडकीशी सुई थांबली.

"काय सुंदर?" खिडकीशी कोणीतरी विचारलं.

आवाज काकूंचा होता. तोंडात दोरा धरून बोलल्यासारखा, अर्धा. काकूंचे ओठ मिटलेले होते. शास्त्रज्ञ त्यांच्याकडेच बघत होती. काकू नुसत्या हसल्या.

टक्. सरसर.

"दाराशी कोण उभं आहे?" आवाजाने विचारलं.

"स्पीकर लावायला आलीये," काकू डोळे न उघडता म्हणाल्या, अगदी घरच्या सुरात, घाई नसल्यासारख्या. "झालंय तिचं काम. निघेल आता."

शास्त्रज्ञने पिशवी उचलली. लॅपटॉप हाताशी होता तो घेतला. माइक खुर्चीशेजारी उभा होता, त्याच्याकडे तिने पाहिलं आणि तो तिथेच राहू दिला. उंबरा ओलांडताना तिने पाय उचलून टाकले. आपला आवाज मध्ये येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

"दार ओढून घे गं, बाळ."

"हो काकू," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

जिना उतरताना, पहिल्या वळणावर तिचे पाय थांबले. हो म्हणताना तिने खुर्चीकडे पाहिलंच नव्हतं. हाक तिकडून आली होती, म्हणून ती खिडकीकडे बघून म्हणाली होती. खिडकीतलं ऊन खोलीत सगळीकडे जमिनीपर्यंत पोचलं होतं. फक्त स्टुलाशी ते वरच, बसलेल्या माणसाच्या मांडीच्या उंचीवर थांबलेलं होतं.